छावणीतला वेलर

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या फौजेकडे १३,००० घोडे शिल्लक होते. त्यांना मायदेशी न्यायचं नाही असं ठरलं. घोड्यांबरोबर परदेशी रोग ऑस्ट्रेलियात शिरतील ही भीती होती. त्यांपैकी २,००० घोडे म्हातारे किंवा निकामी म्हणून बाद झाले. उरलेले ११,००० विकले गेले आणि त्यांतले बहुतेक हिंदुस्थानात आले, इथल्या ब्रिटिश फौजेच्या पागांमध्ये.

ऑस्ट्रेलियात या घोड्यांची गोष्ट सांगतात ती वेगळीच. त्या युद्धासाठी ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश आणि हिंदी फौजांना मिळून सुमारे १,३६,००० घोडे ऑस्ट्रेलियातून गेले आणि परत आला तो फक्त एक, सँडी. ऑस्ट्रेलियन फौजेच्या मेजर जनरल ब्रिजेस यांचा हा घोडा. ब्रिजेस १९१५ च्या मे महिन्यात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईतल्या जखमेने गेले. सँडीला पुढे फ्रान्स, मग इंग्लंड असं फिरवून नोव्हेंबर १९१८ मध्ये मेलबर्नला उतरवलं. तिथल्या कुरणात त्याने अखेरची काही वर्षं काढली. दृष्टी गेली, तब्येत खालावली, तेव्हा १९२३ मध्ये त्याला शांतपणे संपवण्यात आलं. ही गोष्ट तिकडे शाळेतल्या मुलांनाही माहीत असते, आणि असावीच. पण मी ती वाचते तेव्हा माझं मन त्या ११,००० घोड्यांकडे जातं. त्यांतले बहुतेक आपल्याकडे आले होते. त्यांना खरारा करणारे, चंदी चारणारे, नाल ठोकणारे हात आपल्याच माणसांचे होते. त्यांच्या नावाचा एखादा दगड मी तरी आपल्याकडे कुठे पाहिलेला नाही.

या घोड्याचं नाव वेलर. न्यू साउथ वेल्समधून येणारा तो वेलर, आणि हे नाव त्याला दिलं हिंदुस्थानातल्या गिऱ्हाइकांनी. तिकडच्या माळावर तो नुसता घोडा होता. इथे बोटीतून उतरला की वेलर होई.

घोड्याच्या जातीविषयी आपण बोलायला लागलो की लगेच शुद्ध रक्त, उंची वंशावळ, अमक्या राजाच्या तबेल्यातली पैदास हे सगळं आपोआप येतं. वेलरच्या बाबतीत यातलं काही नाही. जानेवारी १७८८ मध्ये कैद्यांना घेऊन पहिला ताफा सिडनीला पोचला, त्या जहाजांवर केप ऑफ गुड होपला चढवलेले सात घोडे होते. एक वळू, तीन घोड्या, तीन शिंगरं. केपचा घोडा म्हणजेच मुळात मिश्रण: जावाकडची तट्टं, त्यांत अरबी रक्त, पुढे इंग्लिश रक्त. ऑस्ट्रेलियात त्याआधी घोडा नव्हताच, त्यामुळे जे येईल ते एकमेकांत मिसळत गेलं. टिमोर बेटावरून तट्टं आली. बुटकी, पण वाळल्या काडीवर जगणारी आणि दगडावर न फुटणाऱ्या खुरांची. इंग्लंडहून थरोब्रेड हे शर्यतीचे घोडे आले, त्यांनी वेग आणि लांब टांग दिली. नांगर नि गाडे ओढायला क्लाइड्सडेलसारखे थोराड घोडे आले, त्यांनी हाडाला जाडी दिली.

अरबी घोडे आले त्यांतले काही थेट हिंदुस्थानातून, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हेक्टर नावाचा अरबी वळू भारतातून सिडनीला गेला आणि तिथल्या सुरुवातीच्या पैदाशीत त्याचं रक्त दूरवर पसरलं. तो आधी आर्थर वेलस्ली या इंग्रज सेनापतीकडे होता असं तिथले घोडेवाले पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. हा वेलस्ली म्हणजे आपल्या जालन्याकडच्या असईच्या लढाईतलाच. २३ सप्टेंबर १८०३ रोजी त्या लढाईत त्याच्याखालचा एक घोडा गोळी लागून पडला आणि दुसरा, डायोमेड नावाचा अरबी, भाल्याने जखमी झाला. हेक्टरच्या मालकीची कथा कागदावर कितपत टिकेल ते टिको. पण कलकत्ता-सिडनी ही घोड्यांची वाट आधी इकडून तिकडे वाहत होती एवढं खरं. त्याच रक्ताची पणतवंडं तीसचाळीस वर्षांनी उलट्या वाटेने परत आली, उंच होऊन.

वेलर कोणी ठरवून घडवला नाही. नकाशा काढून, अमक्या टक्के हे नि तमक्या टक्के ते, असं गणित कुणी मांडलं नाही. त्याला घडवलं अंतरांनी. तिकडची गुरांची ठाणी इतकी अफाट असत की कुंपणाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायला दिवस मोडे. सकाळी गुरं हाकायची, दुपारी त्याच घोड्याला गाडीला जुंपायचं, रविवारी त्यालाच शर्यतीत पळवायचं. रात्री दाण्याची चंदी मिळेलच असं नाही, मिळालं तर माळावरचं गवत. यात जो टिकला त्याच्याकडून पुढची शिंगरं घेतली. जो लंगडला, हाडकला किंवा तापट निघाला तो मागे पडला. सुमारे पन्नास वर्षांत त्यातून एक ओळखू येणारा घोडा उभा राहिला: चौदा ते सोळा हँड उंच (एक हँड म्हणजे चार इंच), खोल छातीचा, तिरक्या खांद्याचा, आखूड मजबूत पाठीचा, काळ्या टणक खुरांचा. बहुतेक कुमैत (तांबूस तपकिरी), पण रंगाचा आग्रह कुणाचाच नव्हता.

मी घोड्यावर बसायला शिकले ते नगरला, फौजेतून निवृत्त झालेल्या एका दफेदारांकडे. पहिल्या दिवशी मी एका पांढऱ्याशुभ्र, मोठ्या डोळ्यांच्या घोड्यापाशी रेंगाळले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘ताई, आधी खूर बघा. मग छाती बघा. तोंड सगळ्यात शेवटी. तोंडावर पळत नाही घोडा.’’ वेलरचे जुने फोटो पाहताना मला त्यांचं हे वाक्य हटकून आठवतं. तोंडाने तो फार देखणा नाही. अरबीची ती खोलगट नाकाची नजाकत त्याच्यात नाही, थरोब्रेडची चमकही नाही. फोटोत तो मान जराशी खाली घालून उभा असतो, खोगिराखाली, पाठीवर स्वार, बंदूक, घोंगडी, पाण्याची बाटली, स्वतःच्या दाण्याची पिशवी असं सव्वाशे किलोंच्या आसपासचं ओझं घेऊन. आणि चारही पाय जमिनीत नीट रोवलेले.

आता प्रश्न असा की हिंदुस्थानाला समुद्रापलीकडून घोडा का आणावा लागला? घोड्यावरच राज्य उभं केलेल्या मुलखाला?

याचं उत्तर आपल्या भीमा-नीरेच्या काठावर आहे, आणि ते सुखाचं नाही. मराठ्यांची फौज ज्या घोड्यावर चालली तो भीमथडीही मिश्रच होता. दख्खनची स्थानिक तट्टं, त्यांवर आखातातून आलेल्या अरबी आणि उत्तरेकडच्या तुर्की घोड्यांचं रक्त. बुटका, चिवट, कमी खाणारा, घाटात न अडखळणारा. शिवकालीन पागेत २५ बारगिरांमागे एक हवालदार असे आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालजी नि एक नालबंद. पाणी आणि नाल यांची अशी बारीक व्यवस्था लावणारं राज्य घोडा ओळखून होतं. बारगीर सरकारी घोड्यावर बसे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. त्या शिलेदाराच्या घरी घोडी असे, तिला चांगला वळू दाखवायची त्याला गरज असे, शिंगरू विकलं तर पैसा मिळे. गावोगावच्या या गरजेवर जात टिकून होती. शिरूर तालुक्यातलं आलेगाव पागा, संगमनेरकडचं निमगाव पागा ही गावांची नावं आजही त्या काळाची खूण बाळगून आहेत.

१८१८ नंतर ती गरजच गेली. पागा मोडल्या, शिलेदार शेतावर परतले, चांगल्या वळूला चारणं परवडेना. इंग्रजांनी शिलेदारीची पद्धत मात्र उचलली. त्यांच्या हिंदी रिसाल्यांपैकी बहुतेक पहिल्या महायुद्धानंतरच्या पुनर्रचनेपर्यंत ‘सिल्लादार’ पद्धतीवरच चालत होते. स्वार आपल्या घोड्याची किंमत असामी म्हणून भरी आणि पलटण त्यातून घोडा देई. पण गोऱ्या रिसाल्याला आणि तोफखान्याला आपला दख्खनी घोडा चालेना. धिप्पाड गोरा स्वार आणि त्याचं सगळं सामान चौदा हँडच्या घोड्यावर बसवणं अवघड. तोफ ओढायला तर जोड्या जोड्यांनी सहा घोडे लागत, तेही एका मापाचे, एका चालीचे. मुंबईत आखातातून अरबी घोडे येत, भायखळ्याकडचे तबेले त्यांनी भरलेले असत. पण अरबीही उंचीत कमी पडे आणि महागही पडे. कंपनीने स्वतः पैदास करून पाहिली, त्यात मनासारखं यश आलं नाही. मग १८४० च्या दशकात न्यू साउथ वेल्सचा घोडा फौजेसाठी यायला लागला आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं येत राहिला, कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांत.

इथे गोष्ट वळते. ऑस्ट्रेलियातल्या पशुपालकाला कळलं की हिंदुस्थानची फौज दरवर्षी घोडा घेते, रोख पैसा देते, आणि तिला काय हवं हे ठरलेलं असतं. खरेदीचे अधिकारी घोडे वाटून घेत: हा अंमलदाराच्या खोगिराचा, हा साध्या स्वाराचा, हा तोफेच्या गाड्याचा. मग पशुपालक आपल्या घोडीला वळू निवडताना हाच विचार करू लागला. अंमलदारासाठी थरोब्रेडचं रक्त जास्त, तोफेसाठी थोराड रक्त जास्त. म्हणजे वेलरला आकार दिला तो दोन ठिकाणांनी. तिकडच्या रखरखीत माळाने त्याला चिवटपणा दिला आणि इकडच्या छावणीने माप दिलं. खडकी, नगर, देवळाली, महू इथल्या कवायतीच्या मैदानांवर काय चालतं आणि काय चालत नाही, त्यावर हजारो मैलांवरच्या एका घोडीच्या पोटी काय जन्माला येणार ते ठरत होतं. म्हणून वेलरला केवळ ऑस्ट्रेलियन म्हणताना मला संकोच वाटतो.

बोटीचा प्रवास आठवड्यांचा. घोडे डेकवर आणि खालच्या मजल्यावर अरुंद खणांत उभे असत. वाटभर उभेच, कारण बसला तर बोटीच्या हेलकाव्यात तो घोडा पुन्हा उठेल याची खात्री नसे. वादळात पाय मोडत, खालच्या मजल्यावर उकाड्याने दम कोंडे. उतरल्यावर त्यांना लगेच कामाला लावत नसत. रिमाउंट डेपोत, म्हणजे फौजेच्या नव्या घोड्यांच्या तळावर, काही महिने ठेवून इथलं ऊन, पाणी, गवत अंगवळणी पडू देत. तरी रोग होतेच. सर्रासारखा रोग तर चावऱ्या माशांवाटे येई आणि भरलेला तबेला रिकामा करी. १८८० मध्ये डेरा इस्माइल खान इथे ग्रिफिथ इव्हान्सने या रोगाचा जंतू घोड्यांच्या रक्तात शोधला. या जातीचा सूक्ष्म जीव (ट्रिपॅनोसोम) रक्तात राहून सस्तन प्राण्याला मारतो हे जगात पहिल्यांदा दिसलं ते फौजेच्या आजारी घोड्यांमुळे.

आणखी एक अडचण होती. वेलर बहुधा अर्धवट शिकवलेला येई. तिकडे माळावर मोकळा वाढलेला, माणसाचा हात जेमतेम लागलेला, आणि इथे आल्यावर कुणी पाठीवर बसलं की पाठ कमानीसारखी उचलून चारही पायांवर उसळ्या मारणारा. या उसळ्यांसाठी तो छावण्यांत प्रसिद्ध होता. त्याला खोगिराला लावणं हे कौशल्याचं आणि धोक्याचं काम, आणि ते करणाऱ्यांमध्ये गोरे शिकवणारे होते तसे आपले स्वार, दफेदार आणि साईसही होते. रोज पहाटे तबेल्यात जाऊन त्या परक्या, बिथरलेल्या जनावराच्या मानेवर हात ठेवणारा, त्याला नवी हाक शिकवणारा, सालोत्र्याला बोलावून त्याचा खूर दाखवणारा साईस. रेजिमेंटच्या इतिहासांत घोड्यांची नावं सापडतात, अंमलदारांची तर सापडतातच. साईसांची क्वचित. ती नोंदली गेली असती तर वेलरची आपल्या बाजूची गोष्ट आज अधिक भरीव असती असं मला मनापासून वाटतं.

ज्या दिवसामुळे वेलर अमर झाला तो ३१ ऑक्टोबर १९१७. बीरशेबा हे पॅलेस्टाइनच्या कडेचं विहिरींचं गाव तुर्कांच्या ताब्यात होतं. त्याला वळसा घालून आलेल्या घोडदळाकडे पाणी नव्हतं. काही घोड्यांना जवळजवळ दोन दिवस पाणी मिळालं नव्हतं. दिवसभर लढून गाव पडेना. संध्याकाळ व्हायला लागली आणि रात्रीपूर्वी विहिरी मिळाल्या नाहीत तर इतक्या घोड्यांना घेऊन माघारी फिरणंही अशक्य, अशी वेळ आली. तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या लाइट हॉर्स या घोडेस्वार दलाच्या चौथ्या आणि बाराव्या रेजिमेंटचे सुमारे ८०० स्वार उघड्या मैदानातून सरळ खंदकांवर सोडले गेले. हे तलवारीचं घोडदळ नव्हतं. घोड्यावरून जायचं, उतरून बंदुकीने लढायचं ही त्यांची रीत, त्यामुळे तलवारी नव्हत्याच. त्यांनी बंदुकीच्या संगिनी हातात धरल्या. आधी दुडकी, मग दौड, मग चौखूर. तुर्की तोफांनी आणि बंदुकांनी अंतराचा अंदाज घेतला होता, पण घोडे त्या अंदाजापेक्षा वेगाने आत आले. ते खंदकांवरून उडाले आणि गावात घुसले. ऑस्ट्रेलियनांचे ३१ जण ठार झाले, आणि उडवून देण्यासाठी सुरुंग लावलेल्या विहिरींपैकी बऱ्याचशा शाबूत हाती आल्या.

या लढाईची वर्णनं शौर्याने ओथंबलेली असतात. घोडा जवळून पाहिलेल्या माणसाला त्यात वेगळं दिसतं. दोन दिवस तहानलेलं, एवढं ओझं पाठीवर असलेलं जनावर कित्येक किलोमीटर चाल वाढवत जातं आणि अखेरीला खंदक ओलांडण्याइतकी ताकद त्याच्यात उरते. ही ताकद शर्यतीच्या घोड्याची नव्हे. हा वेग त्या टिमोरच्या तट्टाच्या चिवटपणावर उभा होता, थरोब्रेडच्या टांगेवर, थोराड घोड्याच्या हाडावर आणि हेक्टरसारख्या अरबीच्या फुप्फुसांवर. यांतलं एकही वगळलं असतं तर विहिरींपर्यंत पोचणारे घोडे कमी झाले असते असं मी ठामपणे म्हणेन. मिश्रणाचं सार्थक जर कुठे झालं असेल तर त्या मैदानावर.

आणि एका वर्षानंतर हेच घोडे ‘शिल्लक’ झाले.

विकले जाऊन पुढे कुणाच्या हातात पडेल, कुठल्या गाड्याला जुंपला जाईल या धास्तीने काही स्वारांनी आपला घोडा स्वतःच गोळी घालून संपवला, असं ऑस्ट्रेलियात फार सांगितलं जातं. बाद ठरवलेल्या घोड्यांना संपवण्याचं काम हुकमाने आणि रीतसर होत होतं, त्यामुळे या कथांत वाढवून सांगितलेलं बरंच असावं. पण धास्ती खोटी नव्हती. १९३० मध्ये डोरोथी ब्रुक नावाच्या बाई कैरोला गेल्या तेव्हा त्यांना युद्धातले घोडे गल्ल्यांत गाडे ओढताना दिसले, हाडांचे सापळे झालेले, काही आंधळे. त्यांनी इंग्लंडमधल्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, पैसे उभे केले, असे हजारो घोडे विकत घेतले आणि १९३४ मध्ये तिथे घोड्यांचा दवाखाना काढला. ब्रुकबाईंच्या नावाची संस्था आज आपल्याकडेही काम करते, वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या खेचरांसाठी, गाढवांसाठी, टांग्याच्या घोड्यांसाठी.

आपल्याकडे आलेल्या त्या हजारो घोड्यांचं काय झालं? त्यांना कैरोच्या गाड्यांपेक्षा बरं आयुष्य मिळालं असणार, कारण ते फौजेतच राहिले. चंदी वेळेवर, नाल वेळेवर, सालोत्री हाताशी. बीरशेबाच्या मैदानात धावलेला एखादा घोडा पुढे आपल्याकडच्या एखाद्या छावणीत सकाळच्या कवायतीला उभा राहिला असेल, ही कल्पना मुळीच अवास्तव नाही. म्हातारपणी तो तिथेच बाद झाला असेल आणि छावणीच्या मागच्या कुठल्यातरी पडीक जागेत पुरला गेला असेल. नगरच्या त्या रस्त्यांवरून मी आजही जाते आणि आता या घोड्यांचा विचार आल्याखेरीज राहत नाही.

शेवट रणगाड्यांनी केला. १९३८ पासून हिंदी घोडदळाचं यांत्रिकीकरण सुरू झालं आणि थोड्याच वर्षांत रिसाल्यांनी घोडे सोडले. नगर तर चिलखती दलाचं केंद्रच झालं. स्वतंत्र भारतात १९५३ मध्ये ६१ वी कॅव्हलरी उभी राहिली, संस्थानांच्या उरलेल्या घोडदळांतून. ती आजही घोड्यावर आहे, पण तिचा घोडा आपल्याच पैदाशीचा. वेलरचं गिऱ्हाईक गेलं. १९४० च्या दशकात व्यापार संपला तेव्हा तिकडच्या पशुपालकाला या घोड्याचं कारणच उरलं नाही. गुरं हाकायला मोटारी आल्या. उरल्यासुरल्या घोड्यांवर नव्या आयात वळूंचं रक्त चढत गेलं आणि जुना वेलर त्यात विरघळला. नॉर्दर्न टेरिटरीतल्या ज्या दूरच्या ठाण्यांवर फौजेसाठी पैदास होत असे, तिथले कळप नुसते माळावर सोडून दिले गेले. ते रानघोडे झाले. पुढे गुरांचं गवत खातात, पाणवठे तुडवतात म्हणून त्यांना गोळ्याही घातल्या गेल्या.

पण त्या रानघोड्यांतच जुनं रक्त टिकून होतं. तिथवर नवा वळू कुणी नेलाच नव्हता. १९८० च्या दशकात काही माणसांना हे उमगलं. ॲलिस स्प्रिंग्जच्या परिसरातल्या जुन्या ठाण्यांवरून त्यांनी घोडे पकडून आणले, त्यांची जुनी डागाची खूण आणि ठाण्याच्या वह्या पडताळल्या, आणि १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियात वेलर हॉर्स सोसायटी स्थापन झाली. त्यांचा नियम साधा आहे: दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आयात घोड्यांचं रक्त ज्यात नाही तो वेलर. पोनीपासून थोराड गाड्याच्या घोड्यापर्यंतचे सगळे प्रकार त्यांनी मान्य केले, एकाच साच्याचा आग्रह धरला नाही. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. फौजेला अंमलदाराचा घोडा हवा होता तसा तोफेचाही हवा होता. त्यांतला एकच देखणा प्रकार निवडून बाकीचे वगळले असते तर नाव उरलं असतं आणि वेलर गेला असता.

मिसळून झालेल्या घोड्याला आता मिसळू न देऊन जपावं लागतं, याचा मला सुरुवातीला त्रास झाला होता. आता तसा होत नाही. ज्या गरजेने ते मिश्रण घडवलं ती गरज परत येणार नाही. न जपता सोडलं तर त्यावर आज जे खपतं त्याचंच रक्त चढेल, आणि आज खपतो तो शर्यतीचा नि प्रदर्शनातल्या उड्यांचा घोडा. शंभर वर्षांच्या उन्हातान्हाने निवडलेला खूर एकदा गेला की पैशाने आणता येत नाही.

हे सगळं मी दूरच्या घोड्याबद्दल लिहिते आहे खरी, पण मनात भीमथडी असतो. वेलर आपल्या छावण्यांत शिरला तो भीमथडीच्या ओसाड झालेल्या जागेवर. आणि दोघांची वाट शेवटी सारखीच निघाली. फौजेने सोडल्यावर वेलर माळावर टिकला, आणि शिलेदार गेल्यावर भीमथडी टिकला धनगरांच्या वाड्यावर. माझं आजोळ फलटणकडचं. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे निघालेली बिऱ्हाडं मी लहानपणापासून पाहिली आहेत: पुढे कळप, मागे घोडी, तिच्या पाठीवर भांडी, वाकळा, तंबूच्या काठ्या, कोंबड्यांची डालगी आणि या सगळ्यावर बांधून बसवलेलं पोर. घाट उतरताना ती घोडी पाय टाकण्याआधी जमीन चाचपते. असं पाऊल टाकणं कुणी शिकवलेलं नसतं. ते निवडीतून आलेलं असतं, कारण घाटात घसरणाऱ्या घोडीचं शिंगरू कुणी ठेवून घेत नाही.

अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून नोंदवलं, त्याचा मला अपार आनंद झाला. त्यासाठी धडपडलेल्या माणसांचे आभार मानावेत तेवढे थोडे. आता पैदाशीचे निकष पक्के होत जातील, मेळ्यांत भीमथडीचे वर्ग भरतील, परीक्षक येतील, बक्षिसं लागतील. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांच्या मेळ्यांत कानांच्या वळणाला आणि उंचीला केवढा भाव येतो ते मी पाहिलंय, आणि उंची वाढवण्याच्या नादात पाय कसे बारीक होत जातात तेही. भीमथडीच्या परीक्षकांच्या रांगेत धनगर बसला पाहिजे. मैदानात घोडा नाचवून दाखवण्याऐवजी पाठीवर बिऱ्हाड लादून त्याला घाटाच्या उतरणीवर चालवा, दुसऱ्या टोकाला उतरवा, आणि मग खूर उचलून बघा.